‘पेल्व्हिस : स्थिर / अस्थिर’ ही ओळ खोडा

अपघात विभागांचे तपासणी-फॉर्म आखणाऱ्या समित्यांना, आणि रात्री-अपरात्री ते फॉर्म भरणाऱ्या सहकाऱ्यांना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका ओळीबद्दल आहे. अपघातातला जखमी रुग्ण आला की जो फॉर्म भरला जातो, त्याच्या मागच्या पानावर हात, पाय, मणका यांच्या रांगेत कुठंतरी लिहिलेलं असतं : ‘पेल्व्हिस – स्थिर / अस्थिर’. पेल्व्हिस म्हणजे ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं. दोहोंपैकी एकावर टिक करायची. हाडांची डॉक्टर म्हणून मी बरीच रुग्णालयं पाहिली. फॉर्मचे रंग बदलले, कागद जाऊन स्क्रीन आली, ही ओळ मात्र जागची हलली नाही. ती काढून टाकावी, एवढीच मागणी आहे. पण छापील ओळ उगाच कुणी काढत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ही चौकट भरतात कशी ते बघा. डॉक्टर रुग्णाच्या कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर तळहात ठेवतो, आधी आत दाबतो, मग बाहेर फाकवून बघतो. काही हललं तर ‘अस्थिर’, नाही हललं तर ‘स्थिर’. दुसऱ्या कुठल्याही मार्गानं हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्नच तसा विचारलाय. फॉर्म तोंडानं ‘दाबा’ म्हणत नाही, पण दाबायला लावतो.

मी निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र सांगते. मोटारसायकलवरचा तरुण, समोरून धडक, सीटवरून पुढं सरकून जांघेनं पेट्रोलच्या टाकीवर आदळलेला. आला तेव्हा बोलत होता. सारखं पाणी मागत होता. बीपी 110. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि ‘स्थिर’वर टिक केली. मग सर्जरीचा निवासी आला. दुसऱ्याच्या टिकवर विसंबायचं नाही असं आम्हाला शिकवलेलंच होतं, त्यानं पुन्हा दाबलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. मग मला बोलावलं. मी तिसरी. माझ्या तळव्याखाली काहीतरी सरकलं, तो पोरगा ओरडला, आणि मी ‘अस्थिर’वर टिक केली. तेव्हा मला कसला आनंद झाला होता, हे आठवलं की आजही मान खाली जाते. दहा मिनिटांत बीपी 70 वर आला.

आमच्या दाबण्यामुळंच तो घसरला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रक्त आधीपासून वाहत असणारच. तहान तेच सांगत होती. पण तिघांनी तीनदा दाबून उपचारात काय बदललं, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेल्व्हिस आवळून धरणारा पट्टा, म्हणजे बाइंडर, कुणीच बांधला नव्हता. एक्स-रे अजून व्हायचा होता. तो वाचला, पण बरंच रक्त चढवावं लागलं.

पेल्व्हिस म्हणजे एक कडं आहे. दोन बाजूंची दोन मोठी हाडं, मागं मधोमध त्रिकास्थी म्हणजे सेक्रम. पुढं ती दोन हाडं जघनसंधीत, सिम्फिसिसपाशी भेटतात आणि मागं सेक्रमशी दोन सांध्यांनी जोडलेली असतात. कडं असल्यामुळं ते सहसा एकाच जागी मोडत नाही. पुढं चीर दिसली की मागं कुठंतरी हाड तरी मोडलेलं असतं, नाहीतर अस्थिबंध तरी फाटलेले असतात. कड्याच्या आतल्या बाजूला शिरांचं दाट जाळं असतं. या फ्रॅक्चरमधलं साधारण 80 ते 90 टक्के रक्त त्या जाळ्यातून आणि मोडलेल्या हाडाच्या स्पंजासारख्या भागातून येतं, बाकीचं धमन्यांतून. ते साठतं पोटाच्या पडद्यामागच्या जागेत, आणि तिथं काही लिटर रक्त सहज मावतं. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं सुमारे पाच लिटर. त्यातलं साधारण दीड लिटर जाईपर्यंत बीपी टिकून राहू शकतो, तरुणांत तर हमखास. सुरुवातीचं हिमोग्लोबिनही नॉर्मल येतं, कारण रक्त नुसतंच कमी झालेलं असतं, पातळ व्हायचं बाकी असतं.

आता या कड्यात पहिल्या तासाभरात जी गुठळी बनते तिच्याइतकी चांगली गुठळी पुन्हा बनत नाही. ती रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या रक्तातून बनलेली असते. पुढं सलाईन चढतं, अंग गार पडतं, रक्तात आम्ल वाढतं, आणि मग गुठळी धरता धरत नाही. दाबून-फाकवून बघताना आपण नेमकी तीच पहिली गुठळी हलवतो. बरं, एवढं करून उत्तर तरी खात्रीचं मिळावं? तेही नाही. जाड माणसात, पिळदार माणसात, वेदनेनं अंग आखडून धरलेल्या माणसात हाताला काही कळत नाही. आणि बाजूच्या धडकेत दोन हाडं एकमेकांत रुतून बसली असतील तर कडं मोडलेलं असूनही हलत नाही. बाजूनं बसलेला मार हाच या दुखापतीचा सगळ्यात नेहमीचा प्रकार. म्हणजे जिथं हललं तिथं आपण नुकसान केलं, जिथं हललं नाही तिथं फसलो.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे, दाबू नका असं कधीपासून शिकवतायत. खरं आहे. शिकवतात एक आणि छापतात दुसरं. रात्री तीन वाजता पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरसमोर फॉर्म असतो, वर्गातलं व्याख्यान नसतं. सकाळी राउंडला ‘पेल्व्हिसचा रकाना रिकामा का?’ असं विचारतात, ‘का दाबलंस?’ असं कुणी विचारत नाही. रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो, हलवलेली गुठळी कुणाला दिसत नाही.

माझी दुसरी तक्रार ही ओळ छापतात त्या जागेबद्दल. अपघातातल्या रुग्णाची एबीसीडीई ही तपासणीची पद्धत आपण सगळे ज्या अभ्यासक्रमातून शिकलो, त्या एटीएलएसची (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) कुळकथा बऱ्याच जणांना माहीत असेल. 1976 मध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचं छोटं विमान अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात कोसळलं. बायको जागीच गेली, मुलं जखमी झाली, आणि छोट्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून हा माणूस हादरला. त्यातून 1978 साली पहिला अभ्यासक्रम उभा राहिला. त्याचं सारं सूत्र हे, की जे आधी मारतं ते आधी बघा. ए म्हणजे श्वासमार्ग, बी म्हणजे श्वास, सी म्हणजे रक्ताभिसरण. पेल्व्हिस हा सी मधला प्रश्न आहे. रक्त कुठं जातंय, याची पाच उत्तरं असतात : बाहेर जमिनीवर, छातीत, पोटात, पेल्व्हिसमध्ये, मांडीत. आणि आपले फॉर्म मात्र त्याला मनगट आणि घोट्याच्या पंगतीला बसवतात, पान उलटल्यावर, हाडांच्या यादीत. त्या जागी लिहिलेली गोष्ट त्या जागेच्या वेळेलाच बघितली जाते. म्हणजे उशिरा.

तेव्हा ती ओळ खोडा आणि सी च्या रकान्यात नवी ओळ घाला. पहिला प्रश्न असा असावा : मार कसा बसला? समोरून चिरडला गेला का, बाजूनं गाडी घुसली का, उंचावरून पडला का, वाहनाखाली आला का. हे सांगणारा माणूस, म्हणजे रुग्णवाहिकेतून रुग्णासोबत आलेला, पाच मिनिटांत निघून जातो. त्याला थांबवून विचारायचं काम फॉर्मनं करून घ्यावं. समोरच्या दाबानं कडं पुस्तकासारखं उघडतं, बाजूच्या दाबानं मिटतं, उंचावरून पडल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा वर सरकते. तिन्ही एकत्रही होतात. या प्रकारांची नावं, ती वर्गवारी, अ ब क, हे सगळं सकाळी सावकाश ठरवता येतं. मला स्वतःला वर्गवारीचा नाद आहे, पण कॅज्युअल्टीत तिनं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

दुसरा प्रश्न डोळ्यांचा. कपडे कापल्यावर एक पाय आखूड दिसतो का, बाहेर वळलाय का, आणि तरीही पायाचं हाड मोडल्याची खूण नाही, असं आहे का? जांघेत, अंडकोशावर, योनीच्या ओठांवर, नितंबांवर काळंनिळं झालंय का? लघवीच्या वाटेच्या तोंडाशी रक्ताचा थेंब आहे का? हे सगळं हात न लावता दिसतं. जागा, शुद्धीवरचा, नशेत नसलेला आणि दुसरी मोठी दुखापत नसलेला रुग्ण असेल तर त्याला सरळ विचारा, कुठं दुखतंय. हलक्या हातानं चाचपून कुठंच दुखत नसेल, पाय नीट हलवत असेल, तर त्याला पेल्व्हिसच्या एक्स-रेचीही गरज नसते. पण डोक्याला मार आहे, दारू घेतलीय, श्वासाची नळी घातलीय, मांडीचं हाड मोडून दुसरीकडं लक्षच जात नाहीये, अशा रुग्णाची नॉर्मल तपासणी म्हणजे काहीच नाही. तिथं संशय कायम ठेवायचा.

आणि संशय असला की पट्टा. निदान व्हायच्या आधी. बाइंडर हे औषध आहे तसंच ते निदानाच्या वाटेवरचं वाहनही आहे. तो बांधला की रुग्णाला ट्रॉलीवरून टेबलावर, टेबलावरून सीटीवर न्यायला जरा धीर येतो. बाइंडर नसेल तर घडी घातलेली चादर चालते. गुडघे आणि पावलं आत वळवून एकत्र बांधा, त्यानंही उघडलेलं कडं मिटायला मदत होते. रुग्णाला कुशीवर पूर्ण वळवण्याचा हट्टही जरा सोडा. स्कूप, म्हणजे दोन भागांत उघडणारं स्ट्रेचर, वापरा, जेमतेम कलतं करा.

पट्ट्याची उंची मात्र फॉर्मवर छापायलाच हवी, कारण मी पाहिलेल्या पट्ट्यांपैकी फार थोडे जागेवर असतात. लोक तो कमरेला बांधतात, जिथं आपण कंबरपट्टा बांधतो तिथं. तो बांधायचा मांडीच्या वरच्या टोकाला बाहेर जे हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, त्या ट्रोकॅन्टरवर. पँटच्या खिशात सरळ हात घातल्यावर तळवा जिथं टेकतो, साधारण तिथं. खिशावरून आठवलं, आधी खिसे रिकामे करा. किल्ल्यांचा जुडगा, फोन, पाकीट पट्ट्याखाली दाबलं गेलं की काही तासांत कातडीत खड्डा पडतो. कमरेला, म्हणजे वर बांधलेला पट्टा उघडलेलं कडं नीट मिटवत नाही, आणि डॉक्टरला मात्र आपण काहीतरी केल्याचं समाधान देतो. एक्स-रे आला की हाडं बघायच्या आधी पट्ट्याचं बक्कल कुठं दिसतंय ते बघायचं. ते दोन ट्रोकॅन्टरच्या रेषेत नसेल तर पुढचं वाचन थांबवून आधी पट्टा खाली घ्यायचा.

एक्स-रेबद्दल थोडं. रुग्णाचा बीपी पडलेला असेल तर पाठीवर झोपलेल्या स्थितीत समोरून घेतलेली एकच फिल्म, ट्रॉलीवरच, पहिल्या काही मिनिटांत. तिचं काम फ्रॅक्चरचं सौंदर्य दाखवणं हे नाही. रक्त इथं जातंय का, याचं ‘बहुधा हो’ किंवा ‘बहुधा नाही’ एवढंच उत्तर तिच्याकडून हवं. रुग्ण स्थिर असेल आणि काही मिनिटांत सीटीला जाणारच असेल, तर ही फिल्म वगळलीत तरी चालेल. तिथं ती नुसता वेळ खाते.

घाईत वाचताना मी स्वतः हा क्रम लावून घेतलाय. मोठं गोल कडं बोटानं स्क्रीनवर फिरवायचं, मग खालची दोन लहान छिद्रं. तिन्ही रेषा कुठं तुटतायत? मग सिम्फिसिस. ती फट मोठ्या माणसात काही मिलिमीटरचीच असते (गरोदर बाईत थोडी जास्त, हे ध्यानात ठेवून घाबरायचं). अडीच सेंटिमीटरच्या वर गेली तर मागच्या सांध्यांचे पुढल्या बाजूचे अस्थिबंधही गेले असं धरून चालायचं. मग मागचे दोन सांधे एकमेकांशी ताडून. मग सेक्रमची छिद्रं, त्यांच्या वरच्या कमानी. दोन्हीकडच्या कमानी सारख्या गुळगुळीत हव्यात; एका बाजूची कमान मोडकी-वाकडी दिसली की सेक्रम मोडलंय. सगळ्यात शेवटी फिल्मच्या वरच्या कडेला पाचव्या कटिमणक्याचा आडवा फाटा. तो तुटलेला दिसला तर माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्याला बांधलेला अस्थिबंध कड्याला धरून असतो. फाटा तुटला म्हणजे कड्याचं मागचं अंग ओढलं गेलंय. चार हजार वेळा तरी फिल्म बघितल्या असतील, तरी हा फाटा मी अजूनही विसरते. म्हणून म्हणते, छापा.

आणि कड्याच्या पुढच्या एका नाजूक फांदीला, म्हणजे जघनास्थीच्या बारीक भागाला, चीर दिसली की ‘किरकोळ आहे’ असं म्हणून वाचन थांबवायचं नाही. कड्याची गोष्ट वर सांगितलीच. मागचं अंग या फिल्मवर फसवतं; आतड्यातला वायू, मळ, तिरकं पडलेलं सेक्रम, सगळं एकावर एक येतं.

सोनोग्राफीचा एक गैरसमज इथंच मिटवते. पोटाची तातडीची सोनोग्राफी कोरी आली की पुष्कळदा सुस्कारा सोडला जातो. ती पोटाच्या पिशवीतलं रक्त बघते. पेल्व्हिसचं रक्त पडद्यामागं असतं, ते तिला दिसत नाही. उलट कधीकधी मूत्राशय फाटून पोटात आलेली लघवी तिला रक्तासारखी दिसते आणि रुग्ण उगाच पोट उघडायला जातो. म्हणून बीपी पडलेला, सोनोग्राफी कोरी, छाती कोरी, तर बोट पेल्व्हिसकडं वळायला हवं.

आता सीटी. इथं वाद नाही. रुग्णाला तेवढी उसंत असेल तर शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी हाच पक्क्या निदानाचा मार्ग. हाडं, सांधे, रक्ताचा साठा, धमनीतून उसळणारी धार, सारं एका फेरीत. धार दिसली नाही म्हणून धमनी शाबूत आहे असं नाही, रुग्णाचा बीपी त्या क्षणी इतका पडलेला असू शकतो की धार दिसतच नाही. पण मला या पत्रात सीटीबद्दल जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

एक मध्यमवयीन गृहस्थ. चालता ट्रॅक्टर उलटून त्याखाली सापडले. घटनास्थळीच कुणीतरी बाइंडर बांधला, आणि अगदी योग्य उंचीवर बांधला. इतका नेटका पट्टा मी क्वचित पाहिला. आमच्याकडं आले तेव्हा बीपी चांगला. सीटी झाला. अहवाल : पेल्व्हिसला दुखापत नाही. तिसऱ्या दिवशी वॉर्डात बाइंडर सोडून त्यांना बसवलं, त्यांना बसवेना. ‘खाली काहीतरी फाकल्यासारखं होतंय’, असं ते म्हणाले. सिस्टरनं ते शब्द तसेच टिपून ठेवले, त्या नोंदीमुळंच मी फिल्म मागितली. सिम्फिसिस चार सेंटिमीटर उघडी. सीटी चुकीचा नव्हता. पट्ट्यानं कडं इतकं बेमालूम जुळवून ठेवलं होतं की यंत्राला जुळलेलंच कडं दिसलं. जुना सीटी पुन्हा उघडून पाहिला तेव्हा मूत्राशयापुढं रक्ताचा पातळ थर होता आणि एका मागच्या सांध्याची फट दुसरीपेक्षा जराशी रुंद. शोधणाऱ्याला सापडलं असतं, पण शोधायचं कुणी सांगितलंच नव्हतं. मागणी-पत्रावर ‘बाइंडर लावलेला आहे’ हे तीन शब्दसुद्धा नव्हते.

म्हणून फॉर्मवर ही ओळ हवीच : बाइंडर असताना काढलेली फिल्म किंवा सीटी नॉर्मल असेल, तर रक्ताभिसरण स्थिर झाल्यावर बाइंडर सोडून पुन्हा एक फिल्म. सोडताना जाणकार डॉक्टर जवळ असावा, बीपी घसरला तर लगेच परत आवळता यावा. आणि पट्टा 24 तासांच्या आत निघावा, कातडीसाठी. ही फिल्म कुणी काढली, कुणी पाहिली, वेळ काय, यासाठी जागा ठेवा. या एका ओळीसाठी बाकी सगळं पत्र फाडून टाकायला मी तयार आहे.

लघवीची वाट. पेल्व्हिस मोडलेल्या पुरुषात मूत्रमार्गाची दुखापत स्त्रीपेक्षा कितीतरी जास्त आढळते. कॅथेटर घालायचा तर अनुभवी हातानं, एकदाच, हळुवार. अडला की थांबायचं आणि खालून रंगद्रव्य सोडून मूत्रमार्गाचा फोटो काढायचा. ‘जरा जोर लावून बघतो’ हे वाक्य मी ऐकलंय आणि त्याचे परिणामही पाहिलेत. कॅथेटरमधून लाल लघवी आली तर मूत्राशयही रंगद्रव्यानं भरून बघा.

स्त्रियांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. योनिमार्गातून आणि गुदमार्गातून तपासणी टाळली जाते, संकोचापायी. पण मोडक्या हाडाचं टोक तिथून बाहेर डोकावलेलं असलं, तर ते उघडं फ्रॅक्चर ठरतं आणि सगळा हिशेब बदलतो. जंतुसंसर्गानं रुग्ण दगावण्याचा धोका कितीतरी पट वाढतो. पाळीचं रक्त समजून सोडून दिलेली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तिला नीट समजावून, परवानगी घेऊन, आडोसा करून, सोबत स्त्री-कर्मचारी ठेवून, हलक्या हातानं तपासा. बोटालाही जपा, हाडाची कपची धारदार असते. ‘गरज नाही’ असं ठरवलंत तर कोणी ठरवलं तेही लिहा.

उंचावरून पडलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. यांच्यात सेक्रम इंग्रजी यू अक्षरासारखं मोडून मणका कड्यापासून सुटा होतो. समोरच्या फिल्मवर सेक्रमचा वरचा भाग चमत्कारिक दिसतो, जणू कुणी वरून वाकून फोटो काढलाय. खरं निदान बाजूच्या फिल्मवर किंवा सीटीच्या उभ्या छेदात. सेक्रमच्या फ्रॅक्चरमध्ये मज्जातंतूंना इजा किती वेळा होते हे डेनिस यांनी 1988 मध्ये मांडलं : छिद्रांच्या बाहेरच्या भागात सुमारे 6 टक्के, छिद्रांतून जाणाऱ्यात 28, आणि मधल्या कालव्यात शिरलेल्यात 57. म्हणून गुदद्वाराभोवतीची संवेदना पहिल्याच रात्री नोंदवा. नंतर ती गेली की आधी होती की नव्हती यावर भांडणं होतात.

मुलांबद्दल दोनच वाक्यं. त्यांचं कडं लवचीक असतं, त्यामुळं ते मोडलं तर मार फार मोठा होता असं समजा आणि पोट-डोकं नीट बघा. वाढीच्या कूर्चा फ्रॅक्चरसारख्या दिसतात, दोन्ही बाजू ताडून बघा.

म्हातारी माणसं मात्र या फॉर्ममधून सगळ्यात जास्त निसटतात. उभ्यानं पडलेल्या आजी. कॅज्युअल्टीत कुणी ‘मोठा अपघात’ म्हणत नाही. खुब्याचा एक्स-रे नॉर्मल, कंबर दाबून पाहिली, ‘स्थिर’, गोळ्या देऊन घरी. घरी त्या उठेनात. घरचे म्हणतात ‘घाबरल्यात’. ठिसूळ हाडाच्या पेल्व्हिसमधली चीर साध्या फिल्मवर कित्येकदा दिसतच नाही. सीटीत बरीच सापडते, एमआरआयमध्ये त्याहूनही. पुढची फांदी मोडलेली दिसली तर सेक्रमही बघा, म्हाताऱ्यांतही कडं ते कडंच. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या ‘साध्या’ फ्रॅक्चरातूनही रात्रीत बीपी कोसळतो. त्यांच्यासाठी फॉर्मवर एकच प्रश्न पुरे : पायावर भार देऊन चार पावलं चालता येतात का? उत्तर ‘नाही’ असेल आणि फिल्म कोरी असेल, तर पुढची तपासणी झाल्याशिवाय घरी पाठवू नका.

सीटी नसलेल्या ठिकाणांचं काय, असं एका समितीच्या बैठकीत मला विचारलं होतं. तिथं तर ही ओळ आणखीच आधी खोडायला हवी. सीटी नसला की लोक हातावर जास्त विसंबतात. तिथं मार कसा बसला ते विचारा, डोळ्यांनी बघा, पट्टा बांधा, फिल्म काढा, आणि संशय घेऊन, पट्ट्यासकट पुढं पाठवा. सोबतच्या चिठ्ठीवर पट्टा किती वाजता बांधला ते लिहा. सावकाशीनं फिल्म काढता येत असेल तर वरून तिरकी आणि खालून तिरकी अशा आणखी दोन, त्यांत मागचं अंग बरंच उलगडतं.

तर सी च्या रकान्यात छापायचा मजकूर मी असा सुचवते, शब्द तुमच्या सोयीनं बदला : ‘पेल्व्हिस – दाबून पाहू नये. मार कसा बसला. संशय आहे / नाही, कशामुळे. बाइंडर ट्रोकॅन्टरवर, वेळ. जांघ, मूत्रमार्ग, योनी, गुद पाहिले, कोणी. फिल्म / सीटी, बाइंडरसह की बाइंडरविना. बाइंडर सोडल्यानंतरची फिल्म, वेळ, सही.’ पाच-सहा ओळींची जागा लागेल. मागच्या पानावरची एक ओळ मोकळी होतेच आहे, शिवाय ‘जवळच्या नातेवाइकाचा व्यवसाय’ हा रकाना कशासाठी आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही.

फॉर्मची पुढची छपाई कधी आहे ते कळवावं. कच्चा मजकूर तपासून द्यायला मी कधीही येईन. तोवर आमच्या कॅज्युअल्टीतल्या गठ्ठ्यावर मी दर सोमवारी सकाळी ती ओळ पेनानं खोडून ठेवते. एका गठ्ठ्यात शंभर फॉर्म असतात, वीसेक मिनिटं लागतात.

आपली,
एक अस्थिशल्यचिकित्सक